सुटा भाग आणि शोधाची पायरी : तापवायुकलिल साधनाच्या पेटंट-परीक्षणाचा विचार

पेटंटच्या अर्जामध्ये कधी कधी एकच शब्द संपूर्ण दाव्याचा भार वाहत असतो. पदार्थ तापवून त्यापासून वायुकलिल, म्हणजे एरोसॉल, निर्माण करणाऱ्या साधनांच्या अर्जांत ‘काढता येण्याजोगा’ हा शब्द असा आहे. द्रवाची कुपी काढता येण्याजोगी, मुखनळी काढता येण्याजोगी, तापक काढता येण्याजोगा, तापकाभोवतीची नळीही काढता येण्याजोगी, अशी वर्णने या अर्जांतून वारंवार येतात. पूर्वी जो भाग जखडलेला होता तो सुटा केला, एवढ्यावरून शोध सिद्ध होतो काय, हा प्रश्न परीक्षकापुढे त्यामुळे वारंवार उभा राहतो. सुटेपणा हा स्वतः शोध नव्हे. भाग सुटा करताना जी तांत्रिक अडचण उद्भवते ती दूर करण्याच्या उपायात शोध असू शकतो. आणि तो उपाय दाव्याच्या शब्दांत उतरलेला असल्यावाचून त्याचा अर्जदाराला लाभ होत नाही, हे या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर होय. या उत्तराची फोड करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साधनाचे स्वरूप

वायूमध्ये तरंगत राहिलेल्या सूक्ष्म द्रव वा घन कणांच्या समूहाला वायुकलिल म्हणतात. प्रस्तुत साधनांत ते दोन टप्प्यांनी तयार होते. प्रथम तापकाच्या सान्निध्यात द्रवाची वाफ होते. नंतर ती वाफ थंड हवेत मिसळून तिचे बारीक थेंब बनतात. या कामी सामान्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन हे द्रव वापरले जातात. त्यांचे उत्कलनबिंदू अनुक्रमे सुमारे १८८ व २९० अंश सेल्सिअस आहेत. काही साधनांत द्रव वातीतून तापकाच्या तारेपर्यंत येतो. इतर साधनांत तंबाखूसारखा घन पदार्थ ज्वलन होणार नाही इतपतच तापविला जातो.

ही कल्पना नवी नाही. वाफेच्या रूपाने औषध हुंगण्यासाठी जोसेफ रॉबिन्सन यांनी कल्पिलेल्या विद्युत्-साधनाला अमेरिकेत १९३० मध्ये पेटंट मिळाले. हर्बर्ट गिल्बर्ट यांनी धूर व तंबाखू या दोहोंविरहित सिगारेटसाठी १९६३ मध्ये अर्ज केला व १९६५ मध्ये त्यांना पेटंट प्राप्त झाले. आजच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा प्रसार मात्र चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांच्या २००३ च्या सुमाराच्या कार्यापासून झाला. तंबाखू न जाळता तापविणारे ‘आयकॉस’ हे साधन २०१४ मध्ये जपानमधील नागोया व इटलीतील मिलान येथे बाजारात आले. आज दाखल होणाऱ्या अर्जाचे परीक्षण करताना हा सारा इतिहास ‘पूर्वज्ञान’ म्हणून परीक्षकासमोर असतो. आणि पूर्वज्ञानाला वयोमर्यादा नसल्याने १९३० चे पत्रकही कालच्या पत्रकाइतकेच प्रभावी ठरते.

भाग सुटे ठेवण्याची कारणे उघड आहेत. द्रव वा तंबाखू संपते, तिची जागा भरावी लागते. तापकावर किटण साचते, ते काढावे लागते. विद्युत्घटाचे आयुष्य तापकाच्या आयुष्याहून निराळे असते. याशिवाय एक व्यापारी कारणही आहे. मुख्य साधन ग्राहक एकदा विकत घेतो. सुटा भाग तो पुनःपुन्हा घेतो. ज्याच्या दाव्यात सुटा भाग येतो त्याच्या हाती पुढील अनेक वर्षांच्या विक्रीची किल्ली येते. या क्षेत्रातील पेटंटांचे सामर्थ्य केवढे असते याची कल्पना अमेरिकेतील एका निर्णयावरून येईल. तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने २०२१ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीच्या दोन पेटंटांचा भंग झाल्याचे ठरवून ‘आयकॉस’च्या आयातीस मनाई केली, २०२३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला, आणि २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी आपसांत तडजोड केली. मध्यंतरीच्या काळात ते साधन त्या देशाच्या बाजारपेठेबाहेर राहिले. म्हणूनच अशा अर्जातील एखादा शब्द ढिलाईने मान्य होणे, किंवा कठोरपणे अमान्य होणे, ही केवळ कागदोपत्री बाब राहत नाही.

दाव्याचे वाचन

परीक्षणाचा आरंभ पूर्वज्ञानाच्या शोधापासून होतो असे समजले जाते; वस्तुतः तो दाव्याच्या वाचनापासून होतो. ‘काढता येण्याजोगा’ या शब्दाचा अर्थ काय? करवत हाती असेल तर कोणताही भाग काढता येतो. मळसूत्राने बसविलेला भाग पेचकसाने निघतो. खटक्याने बसविलेला भाग बोटांनी निघतो. अर्जदाराला यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे विनिर्देशपत्रात, म्हणजे अर्जासोबतच्या सविस्तर वर्णनात, सांगितलेले नसेल तर परीक्षक त्या शब्दाचा व्यापक अर्थ घेतो आणि मग कारखान्यात दुरुस्तीसाठी उघडता येणारे जुने साधनही दाव्याच्या आड येते. ‘वापरणाऱ्यास कोणत्याही हत्याराविना आणि साधनास इजा न होता विलग करून पुन्हा बसविता येणारा’ असे शब्द घातल्यास दाव्याची व्याप्ती आकुंचित होते खरी, परंतु त्याची सीमा स्पष्ट होते.

विवेचनासाठी एक काल्पनिक दावा घ्यावा. तो असा : “तापवून वायुकलिल निर्माण करणारे साधन; ज्यात (क) विद्युत्घट असलेले आवरण, (ख) त्या आवरणातील एका टोकास उघडी पोकळी, (ग) पोकळीच्या तळातून वर आलेले तापक पाते, आणि (घ) तंबाखूची कांडी धारण करणारी, तळाशी पात्यापुरती खाच असलेली व पोकळीतून काढता येण्याजोगी नळी, हे घटक आहेत.” परीक्षकाला दोन जुने दस्तऐवज मिळाले असे समजावे. पहिल्यात क, ख, ग हे तिन्ही घटक आहेत व चौथ्यातील नळीही आहे. मात्र ती आवरणात घट्ट दाबून बसविलेली आहे. दुसऱ्यात औषध हुंगण्याच्या एका साधनातील नळी धुण्यासाठी बाहेर काढता येते.

नावीन्य

नावीन्याची कसोटी कठोर परंतु सोपी आहे. दाव्यातील सर्व घटक एकाच जुन्या दस्तऐवजात, त्याच परस्परसंबंधाने, आढळले तरच नावीन्य नष्ट होते. दोन दस्तऐवजांची बेरीज येथे चालत नाही. वरील उदाहरणात पहिल्या दस्तऐवजातील नळी निघत नाही. दुसऱ्यात तापक पाते नाही. म्हणून दावा नवा ठरतो. एकाच शब्दाच्या फरकाने नावीन्य टिकले, यात गैर काही नाही. नावीन्य म्हणजे केवळ वेगळेपणा; त्या वेगळेपणाची योग्यता तपासणे हे पुढच्या कसोटीचे काम आहे.

शोधाची पायरी

भारतीय पेटंट अधिनियम, १९७० याच्या कलम २(१)(ज-अ) मध्ये शोधाच्या पायरीची व्याख्या दिली आहे. विद्यमान ज्ञानाच्या तुलनेने तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही असलेले, आणि त्या कलेतील जाणकाराला सहज न सुचणारे असे वैशिष्ट्य शोधात असले पाहिजे, असा त्या व्याख्येचा आशय आहे. येथे दस्तऐवजांची सांगड घालता येते. परंतु ती सांगड जाणकाराने घातली असती काय, हे दाखवावे लागते. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील-मंडळांनी हा भेद नेमका मांडला आहे : जाणकार तसे करू शकला असता काय, हा प्रश्न नव्हे, समोरची अडचण सोडविण्याच्या अपेक्षेने त्याने तसे केले असते काय, हा खरा प्रश्न होय.

सुट्या भागाबाबत सर्वांत अधिक उद्धृत होणारा निर्णय अमेरिकेतील सीमाशुल्क व पेटंट अपील न्यायालयाने १९६१ मध्ये डुलबर्ग यांच्या अर्जावर दिला. वस्तू अगदी साधी होती : ओठांना लावावयाच्या रंगकांडीची डबी. जुन्या डबीचे टोपण दाबून घट्ट बसविलेले होते. अर्जदाराचे टोपण हाताने निघत होते. टोपणाखालील टोकापर्यंत पोहोचण्याची काही कारणाने इच्छा असेल, तर त्यासाठी टोपण निघते करणे कोणालाही सुचेल, असे न्यायालयाने ठरविले. वरील काल्पनिक दाव्याची स्थिती हीच आहे. नळीत किटण साचते, ते काढण्यासाठी आत पोहोचले पाहिजे, आणि नळी निघती ठेवल्याने तसे करता येते हे दुसऱ्या दस्तऐवजात सांगितलेलेच आहे. दावा याच रूपात राहिल्यास तो नाकारणे योग्य होय.

याच्या उलट दिशेचा युक्तिवादही परीक्षकाला ठाऊक असावा लागतो. आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये विद्युत्घट, तापक व द्रवाची कुपी असे तीन विभाग असत. पुढे तापक व कुपी एकत्र करून दोनच विभाग ठेवण्यात आले. सुटे भाग एकसंध करणे हे सामान्यतः कारागिराच्या निवडीचे काम आहे, असे त्याच न्यायालयाने १९६५ मध्ये लार्सन यांच्या अर्जावर म्हटले. परंतु १९८३ मध्ये संतुलनयंत्राविषयीच्या शेंक विरुद्ध नॉर्ट्रॉन या खटल्यात एकसंध रचनेला शोध म्हणून मान्यता मिळाली. यंत्राची कंपने शमविण्यासाठी बोल्टने जोडलेले सांधे आवश्यक आहेत अशी त्या क्षेत्रातील समजूत होती. संशोधकाने ते सांधे काढून टाकून ती समजूत चुकीची ठरविली. तेव्हा ‘वेगळे केले’ किंवा ‘एकत्र केले’ हे शब्द स्वतः निर्णायक नाहीत. त्या क्षेत्रातील जाणकारांची अपेक्षा काय होती आणि ती कोठे मोडली, हे निर्णायक आहे.

भारतातील मार्गदर्शक निर्णयही एका यांत्रिक भागाशीच निगडित आहे. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, लेथवर भांडी पक्की धरण्याच्या युक्तीला मिळालेले पेटंट टिकू शकत नाही असे ठरविले. जुन्या ज्ञात साधनावरची सुधारणा ही केवळ कार्यशाळेतील सुधारणेहून अधिक असली पाहिजे, हे त्या निर्णयाचे सूत्र होय. टोपण, नळी, कुपी निघती करणे हे कार्यशाळेतील कुशल कारागीर रोज करीत असतो.

सुटेपणात शोध केव्हा असतो

याचा अर्थ सुट्या भागांचे सर्व अर्ज निष्फळ असा मात्र नव्हे. तापणाऱ्या साधनात भाग वेगळा करणे हे डबीचे टोपण वेगळे करण्याइतके निरुपद्रवी नसते. एक हिशेब पाहावा. ३.७ व्होल्टच्या विद्युत्घटाला १ ओहम रोधाचा तापक जोडला असता ३.७ अँपिअर प्रवाह वाहतो व सुमारे १३.७ वॉट शक्ती तापकात खर्च होते. तापक सुटा केल्यावर मध्ये जो स्पर्श-सांधा येतो त्याचा रोध ०.१ ओहम धरल्यास प्रवाह सुमारे ३.४ अँपिअरवर येतो, तापकातील शक्ती ११.३ वॉट होते, आणि सांध्यातच १.१ वॉट उष्णता निर्माण होते. म्हणजे जो भाग थंड राहिला पाहिजे तोच तापू लागतो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. अनेक साधनांत तापकाच्या रोधावरूनच त्याचे तापमान ओळखले जाते. प्लॅटिनमचा रोध दर अंश सेल्सिअसला शून्य अंशावरील मूल्याच्या सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. त्या मूल्याचा रोध १ ओहम असेल आणि सांध्यावरील मळामुळे ०.०५ ओहमची भर पडली, तर नियंत्रक-मंडल तापमान सुमारे १३ अंशांनी अधिक समजते व तापक अपेक्षेपेक्षा थंड ठेवते. सांधा पुसला की चूक नाहीशी होते. वापरता वापरता ती पुन्हा येते. ही अडचण भाग सुटा केल्यामुळेच निर्माण झालेली आहे. तिच्यावरील विशिष्ट उपाय हा शोधाचा खरा उमेदवार होय. येथेही परीक्षकाने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रवाहासाठी दोन व दाबमापनासाठी दोन अशी चार स्वतंत्र अग्रे वापरून सांध्याचा रोध मापनातून वगळण्याची पद्धत केल्व्हिन यांच्या नावाने विद्युत्शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पूर्वीपासून आहे. अर्जदाराने तीच जशीच्या तशी वापरली असेल तर उपाय ज्ञात आहे. सुट्या भागाच्या आकारात वा बसण्याच्या गतीत त्याने काही अनपेक्षित साधले असेल तर गोष्ट वेगळी.

आता काल्पनिक दाव्याकडे परत वळता येईल. अर्जदार उत्तरात असे म्हणतो की, तापविलेली कांडी सरळ ओढून काढली असता तिच्यातील तंबाखू पात्याला चिकटून मागे राहते आणि पाते वाकते. त्याच्या साधनात मात्र प्रथम नळीच वर सरकते. खाचेभोवतीचा नळीचा तळ कांडीला खालून आधार देतो, पाते खाचेतून निसटते, आणि त्यानंतरच कांडी नळीतून काढली जाते. येथे सुटेपणाचे कार्य बदलले. नळी धुण्यासाठी निघत नाही. कांडी व पाते यांना एका ठरावीक क्रमाने विलग करण्यासाठी ती सरकते. दुसऱ्या दस्तऐवजात ही अडचणही नाही आणि हा क्रमही नाही. दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवले तरी जाणकाराला त्यातून हा उपाय मिळत नाही. परंतु मूळ दाव्यात ‘काढता येण्याजोगी’ एवढेच शब्द आहेत. दोन स्थानांमधील सरकण्याचा व आधाराचा उल्लेख नाही. शोध विनिर्देशपत्रात आहे, दाव्यात नाही.

दुरुस्तीची मर्यादा

दाव्यात दुरुस्ती करण्याची मुभा कायदा देतो. पण कलम ५९ ने तिला सीमा घातली आहे. दुरुस्ती ही हक्कत्याग, चुकीची सुधारणा वा स्पष्टीकरण या स्वरूपाचीच असावी, मूळ विनिर्देशपत्रात प्रकट न झालेली बाब तिने आणू नये, आणि दुरुस्त दावा मूळ दाव्याच्या व्याप्तीत पूर्णपणे सामावला पाहिजे. काल्पनिक उदाहरणात नळीची दोन स्थाने व तळाचा आधार यांचे वर्णन व आकृती आरंभीच दिली असेल तर दावा त्या मर्यादेपर्यंत आकुंचित करून वाचविता येतो. ती दिली नसेल तर प्रत्यक्ष प्रयोगशाळेत साधन कितीही उत्तम चालले तरी उपाय उरत नाही. एकाच अर्जात कुपी, तापक व नळी यांचे तीन स्वतंत्र दावे असतील तर ते एकाच शोधकल्पनेने बांधलेले आहेत काय, हेही कलम १०(५) अन्वये पाहिले जाते. बांधलेले नसल्यास विभाजित अर्ज करता येतो.

कार्यपद्धतीचा क्रम असा आहे. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रकाशित होतो. परीक्षण आपोआप होत नाही. त्यासाठी विनंती करावी लागते, आणि १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना ती ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. पहिल्या परीक्षण-अहवालानंतर आक्षेपांची पूर्तता करण्यास ६ महिने मिळतात व ही मुदत ३ महिन्यांनी वाढविता येते. महाराष्ट्र व गोव्यातील अर्जदारांचे अर्ज मुंबई येथील पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. नकाराविरुद्ध अपील २०२१ पासून उच्च न्यायालयात होते.

आरोग्य व लोकहित

या साधनांच्या बाबतीत एक अधिक प्रश्न शिल्लक राहतो. भारतात २०१९ च्या अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली. न जाळता तापविणारी साधनेही त्या व्याख्येत येतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली परवाना मिळालेली उत्पादने मात्र तिच्यातून वगळली आहेत. पेटंट अधिनियमाच्या कलम ३(ख) प्रमाणे, ज्याचा मुख्य वा अभिप्रेत वापर सार्वजनिक सुव्यवस्थेस किंवा नीतिमत्तेस विरोधी ठरू शकेल, अथवा जो मानव, प्राणी वा वनस्पती यांच्या जीवनास किंवा आरोग्यास गंभीर अपाय करतो, तो शोध पेटंटयोग्य नाही. मग बंदी असलेल्या वस्तूचा अर्ज तेवढ्याच कारणाने नाकारावा काय?

येथे दोन आंतरराष्ट्रीय तरतुदी ध्यानात घेतल्या पाहिजेत. केवळ देशांतर्गत कायद्याने विक्रीवर निर्बंध आहेत म्हणून पेटंट नाकारू नये, असे पॅरिस करार सांगतो. आणि सुव्यवस्था, नीती वा आरोग्यरक्षण यांसाठी पेटंट नाकारण्याची मोकळीक देणाऱ्या ट्रिप्स करारातही, निव्वळ कायद्याने वापर निषिद्ध आहे हे कारण पुरेसे नाही, अशी अट आहे. याचे मूळ पेटंटच्या स्वरूपातच आहे. कलम ४८ ने मिळणारा हक्क इतरांना रोखण्याचा हक्क आहे. वस्तू बनविण्याची वा विकण्याची ती परवानगी नव्हे. पेटंट मिळाले म्हणून बंदी उठत नाही. यावरून असे निष्पन्न होते की, कलम ३(ख) चा आक्षेप घेणाऱ्या परीक्षकाने केवळ बंदीच्या अधिनियमाकडे बोट दाखवून थांबू नये. विनिर्देशपत्रातील अभिप्रेत वापर कोणता व त्याने आरोग्यास कोणता गंभीर अपाय होतो, हे कारणांसह मांडावे आणि ज्या साहित्याचा आधार घेतला ते अर्जदारापुढे ठेवावे. तंबाखूच्या साधनाला हा आक्षेप लागू पडला म्हणून फुप्फुसात औषध पोहोचविणाऱ्या तत्सम साधनाला तो आपोआप लागू पडत नाही. दोघांची यंत्ररचना सारखी असली तरी वापर निराळा आहे.

ढिलाईने दिलेला व्यापक दावा नळी निघती ठेवणाऱ्या प्रत्येक कारागिराची, औषधोपचाराच्या साधनांवर काम करणाऱ्या लहान उत्पादकाचीसुद्धा, वाट वीस वर्षे अडवू शकतो. उलट, ‘सुटा भाग म्हणजे शोध नव्हे’ हे सूत्र यांत्रिकपणे लावल्यास खरी अडचण सोडविणाऱ्याचे श्रम वाया जातात. या दोन दोषांपासून परीक्षणाला वाचविणारे प्रश्न तीनच आहेत : भाग सुटा केल्याने कोणती नवी अडचण उद्भवली, तिच्यावरील उपाय जाणकाराला पूर्वज्ञानातून मिळाला असता काय, आणि तो उपाय दाव्यात लिहिलेला आहे काय. पहिल्या दोहोंची उत्तरे प्रयोगशाळा व ग्रंथालय देतात. तिसऱ्याचे उत्तर अर्ज लिहिणाऱ्याच्या हाती असते, आणि तेही अर्ज दाखल होण्यापूर्वीच.